विडंबनाला आधी मूळ वृत्त पाठ लागतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सुपरहिरोंची टर उडवणाऱ्या कॉमिक्सवर पानभर लेख आला. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला इतकी जागा सहसा मिळत नाही, म्हणून आधी आभार. मात्र लेखाचा सगळा सूर असा होता की १९८६ पर्यंत ही मंडळी पँटवर चड्डी चढवून निमूट उडत होती, मग अ‍ॅलन मूरची 'वॉचमेन' ही कॉमिक मालिका आली आणि तिथून सुपरहिरोंचा 'पर्दाफाश' सुरू झाला. यातला क्रम चुकला आहे आणि शब्दही. पर्दाफाश बाहेरचा माणूस करतो. सुपरहिरोचं चांगलं विडंबन आजवर बहुतेक घरातल्याच माणसांनी केलं आहे. केशवकुमारांनी कवींची जी फिरकी घेतली ती त्या कवींची वृत्तं आणि लकबी त्यांच्या हातात मुरल्या होत्या म्हणून जमली. ज्याला वृत्तच सांभाळता येत नाही त्याच्या विडंबनाची कुचेष्टा व्हायला वेळ लागत नाही.

आधी क्रम पाहू. सुपरमॅन आला जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'मधून. नोव्हेंबर १९४० ची तारीख असलेल्या 'ऑल-अमेरिकन कॉमिक्स'च्या २० व्या अंकात शेल्डन मेयरने मा हंकेल या बाईला मुखवटा चढवला. ही किराणा दुकान चालवणारी, अंगापिंडाने दणकट बाई. अंगात लांब लाल अंतर्वस्त्र, डोक्यावर डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं पातेलं आणि नाव रेड टोर्नेडो. म्हणजे सुपरमॅनला अडीच वर्षं होत नाहीत तोच त्याचं सोंग तयार! त्याच सुमाराला 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात वीरांच्या मंडळाची, म्हणजे जस्टिस सोसायटीची, पहिली बैठक भरते. ही बाई तिथे डोकावते आणि विजार फाटल्यामुळे काढता पाय घेते. आता हा मेयर कोण? इतरांनी नाकारलेल्या सुपरमॅनच्या पट्ट्या छापा, असा आग्रह धरणाऱ्यांतला तो एक. देवाची मूर्ती आणायला पुढे तोच आणि देवाची नक्कल करायलाही पुढे तोच. तमाशातली गवळण पाहिलेल्या मराठी माणसाला याचं नवल वाटायला नको. पेंद्या आणि मावशी कृष्णाला रस्त्यावर आणून दमवतात, पण कृष्णाचं देवपण कुणी काढून घेत नाही.

दुसरं उदाहरण १९५३ चं. त्यावर जरा रेंगाळतो, कारण पुढचं बरंच काही त्यातून निघालं आहे. चाळीसच्या दशकात फॉसेट कंपनीचा कॅप्टन मार्व्हल खपात सुपरमॅनला मागे टाकत होता. सुपरमॅनच्या मालकांनी नक्कल केल्याचा दावा १९४१ मध्ये लावला, प्रकरण अपिलात गेलं, १९५१ चा निकाल फॉसेटला महागात गेला आणि १९५३ मध्ये चार लाख डॉलर मोजून फॉसेटने कॅप्टन मार्व्हल बंद केला. त्याच वर्षी एप्रिल-मेच्या 'मॅड'च्या चौथ्या अंकात हार्वी कर्ट्झमन आणि वॉली वुड यांची 'सुपरड्यूपरमॅन' ही आठ पानांची गोष्ट आली. क्लार्क बेंट, म्हणजे साध्या कपड्यांतला सुपरड्यूपरमॅन, हा 'डेली डर्ट' नावाच्या वर्तमानपत्रात पोऱ्याच्या हाताखालचा पोऱ्या. त्याच्यासमोर कॅप्टन मार्बल्स उभा राहतो. त्याच्या छातीवर विजेच्या जागी डॉलरचं चिन्ह आहे, कारण सत्कार्यात पैसा नाही हे त्याने ओळखलं आहे. दोघांची मारामारी होते पण कुणीच कुणाला हरवू शकत नाही. मग सुपरड्यूपरमॅन त्याला फसवून स्वतःच्याच डोक्यात गुद्दा मारायला लावतो. दोन कंपन्यांचा खटला चौकटींत उतरला तो असा.

आता यातली कारागिरी पाहा. कर्ट्झमन प्रत्येक पानाचा कच्चा आराखडा स्वतः काढून द्यायचा आणि चित्रकाराने तो पाळायचा, अशी त्याची शिस्त होती. वुडने स्नायू, सावल्या, इमारती सगळं खऱ्या सुपरहिरो कॉमिकइतकं गंभीरपणे रेखाटलं आहे. चित्र जर आधीच विनोदी असतं, नाकं लांब आणि पोटं गोल असती, तर विनोद पहिल्याच चौकटीत संपला असता. आणि शेवट पाहा. सुपरहिरोच्या गोष्टीत वाचकाला एक छुपं आश्वासन असतं: या बावळट कारकुनात कोण दडलाय हे नायिकेला कळलं ना, की ती पाघळेल. कर्ट्झमनने बाकी सगळं तसंच ठेवून एवढा एक नियम मोडला. तिला कळतं, आणि तरीही ती त्याला झिडकारून निघून जाते. चोरून डोकावणारा माणूस केप घातली तरी तोच, एवढंच तिचं म्हणणं.

हा 'एक नियम' माझ्या पत्राचा गाभा आहे. जी विडंबनं टिकली त्यांत जगाचा एकच नियम बदललेला दिसतो. बाकीचे नियम काटेकोर पाळलेले असतात आणि बदललेल्या नियमाचा जमाखर्च शेवटच्या पैपर्यंत मांडलेला असतो. जी विसरली गेली त्यांत लेखकाने दिसेल त्या प्रत्येक गोष्टीला चिमटा काढलेला असतो. मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशन कंपनीने १९६७ पासून 'नॉट ब्रँड एख' नावाने स्वतःचीच थट्टा करणारे १३ अंक काढले. त्यातली चित्रं आजही झकास वाटतात, पण गोष्टी लक्षात राहत नाहीत त्या यामुळेच.

जमाखर्च म्हणजे काय, हे त्याच खटल्याच्या दुसऱ्या फांदीवर सगळ्यात स्पष्ट दिसतं. कॅप्टन मार्व्हल बंद पडल्यावर त्याच्या गोष्टी पुन्हा छापणाऱ्या ब्रिटिश प्रकाशकाकडे माल उरला नाही. म्हणून १९५४ मध्ये मिक अँग्लोने थोडे कपडे आणि नाव बदलून मार्व्हलमॅन उभा केला. साध्या माणसाचा वीर करणारा जादूचा शब्द 'किमोटा', म्हणजे 'अ‍ॅटॉमिक' हा इंग्रजी शब्द साधारण उलटा वाचलेला. मार्च १९८२ मध्ये 'वॉरियर' मासिकाच्या पहिल्या अंकात अ‍ॅलन मूरने हे पात्र हातात घेतलं. पुढे अमेरिकेत ते 'मिरॅकलमॅन' झालं, कारण नावातल्या 'मार्व्हल'वरून कटकट नको होती. मूर लहानपणी 'सुपरड्यूपरमॅन' वाचून भारावला होता आणि तीच युक्ती हशाऐवजी गांभीर्याकडे वळवायची, असा त्याचा बेत होता.

त्याने विचारलेला प्रश्न अगदी साधा: शब्द उच्चारल्यावर वीर प्रकट होतो, तर त्या क्षणी साधा माणूस जातो कुठे? जुन्या कॉमिक्समध्ये हे कुणी विचारत नसे. मूरने उत्तर ठरवलं. शरीरं दोन. एक वापरात असताना दुसरं अन्यत्र साठवलेलं, आणि साठवणीतल्या शरीराचं वय वाढत नाही. एवढं ठरलं आणि पुढची गोष्ट आपोआप हलू लागली. नायक माइक मोरन शब्द विसरून गेलेला, चाळिशी ओलांडलेला, सुटलेल्या पोटाचा पत्रकार. एका अणुवीज केंद्रात काचेच्या दारावरची अक्षरं त्याला मागच्या बाजूने उलटी दिसतात आणि शब्द परत सापडतो. आता त्याचं दुसरं शरीर तरुण आणि देखणं. बायकोला दिवस जातात ते त्या दुसऱ्या शरीरापासून. संसाराचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. त्याचा छोटा साथीदार जॉनी बेट्स मधल्या काळात कधी परत साधा मुलगा झालाच नाही. तो वीराच्या शरीरातच वाढला आणि सत्तेने सडला. फुशारकीच्या भरात चुकून स्वतःचा शब्द त्याच्या तोंडून निघतो आणि क्षणात तिथे एक घाबरलेला कोवळा मुलगा उरतो, कारण त्या शरीराचं वय थांबलेलं होतं. पुढे निवासगृहातली मुलं त्या पोराचा छळ करतात, सहन होईनासं झाल्यावर तो शब्द पुन्हा उच्चारतो आणि १५ व्या अंकात लंडन शहर उद्ध्वस्त होतं. रक्तपाताची ती पानं जॉन टोटलबेनने काढली आहेत आणि ती पाहवत नाहीत. पण त्यांचं मूळ क्रौर्याच्या हौसेत नाही, शरीरांच्या हिशोबात आहे. नंतरच्या नकलाकारांनी नेमकं हे पाहिलं नाही.

'वॉचमेन'बद्दल आपल्या लेखात पुष्कळ आहे, म्हणून मी फक्त सुटलेलं लिहितो. सप्टेंबर १९८६ ते ऑक्टोबर १९८७ अशा तारखांचे हे १२ अंक होते. सुरुवातीला मूरला डीसीने, म्हणजे सुपरमॅनच्या मालकांनी, नुकतीच विकत घेतलेली चार्लटन कंपनीची जुनी पात्रं वापरायची होती. संपादक डिक जोर्डानो म्हणाला, या गोष्टीनंतर ती पात्रं कुणाच्या कामाची राहणार नाहीत, नवी घडव. म्हणून 'क्वेश्चन'चा रॉर्शाक झाला, 'ब्लू बीटल'चा नाइट आउल, 'कॅप्टन अ‍ॅटम'चा डॉक्टर मॅनहॅटन. पहिल्या अंकाची संहिता टंकलिखित १०१ पानं होती. तयार कॉमिक भरतं तीसेक पानं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे लेखात एका शब्दानेही आलं नाही: पानाची रचना. डेव्ह गिबन्सने पान तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ सारख्या चौकटींत बसवलं. दोन-तीन चौकटी जोडून मोठी करता येते, पण खालची जाळी हलत नाही. एरवीच्या सुपरहिरो कॉमिकमध्ये गुद्दा बसला की चौकट फुटते, हात बाहेर येतो, वाचक ओरडतो. इथे गुद्दाही एका नवमांशात आणि चहाचा कपही एका नवमांशात. वीराला मिळणारी जादा जागाच काढून घेतली. ही टीका शब्दांत कुठेच नाही, फूटपट्टीने केलेली आहे. चौथ्या अंकात डॉक्टर मॅनहॅटनला भूत, वर्तमान, भविष्य एकदमच दिसतं. सारख्या आकाराच्या चौकटी शेजारीशेजारी असल्यामुळे वाचकाचीही नजर तशीच मागेपुढे फिरते. पाचव्या अंकात तर पहिलं पान शेवटच्या, म्हणजे २८ व्या पानाचं प्रतिबिंब आहे आणि आरशाची रेघ १४-१५ पानांच्या मधोमध, पुस्तक शिवतात तिथे येते. जॉन हिगिन्सने लाल-निळा-पिवळा हे वीरांचे ठेवणीतले रंग मागे सारून जांभळा, हिरवा, नारिंगी यांवर भर दिला. अक्षरलेखन गिबन्सचंच. रॉर्शाकच्या संवादाचा फुगा वेडावाकडा, डॉक्टर मॅनहॅटनचा फिकट निळा आणि दुहेरी कडेचा. शिवाय त्या जगात मुखवटाधारी लोक खरोखर रस्त्यावर असल्याने मुलं त्यांच्या गोष्टी वाचत नाहीत, चाच्यांच्या वाचतात. एका बदललेल्या नियमाने फुटपाथवरच्या पेपर-स्टॉलवरचा मालसुद्धा कसा बदलतो, याचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं नाही.

नकलाकारांनी काय उचललं? रक्त, शिव्या, पाऊस. फूटपट्टी तिथेच राहिली.

नकलेमुळे धंदा कसा बुडतो हेही याच वर्षांत दिसलं. केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी १९८४ मध्ये 'टीनेज म्युटंट निंजा टर्टल्स'चा पहिला अंक काळ्यापांढऱ्यात ३,००० प्रती छापला. आज तो मुलांच्या डब्यावरचा छाप आहे, पण मुळात ते 'डेअरडेव्हिल' या मार्व्हलच्या त्या वेळच्या सुपरहिरो मालिकेचं विडंबन होतं. तिकडे 'हँड' ही टोळी, इकडे 'फूट'. तिकडे गुरू 'स्टिक', इकडे 'स्प्लिंटर'. आंधळ्याला ट्रकखालून वाचवताना डोळ्यांवर किरणोत्सर्गी डबा आदळलेला तो मुलगा, म्हणजे पुढचा डेअरडेव्हिल, हाही पहिल्या अंकात आहे. डबा तिथून उसळून कासवांच्या बरणीवर पडतो आणि कासवं गटारात. अंक गाजला, जुन्या प्रतींना भलता भाव आला, आणि १९८६ पर्यंत काळ्यापांढऱ्या 'अमुकतमुक कराटे प्राण्यां'चा महापूर लोटला. 'अ‍ॅडोलसेंट रेडिओअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक बेल्ट हॅमस्टर्स' हे त्यातलं एक खरंखुरं नाव. कॉमिक्सची खास दुकानं जादा कमिशनच्या बदल्यात माल परत न करण्याच्या बोलीवर घेतात. भाव चढेल म्हणून दुकानदारांनी गठ्ठेच्या गठ्ठे उचलले, गिऱ्हाइकाने पाठ फिरवली आणि परतीची सोय नसल्याने माल गळ्यात पडला. १९८७ मध्ये बाजार बसला आणि कित्येक छोटे प्रकाशक गेले. विडंबनाचं विडंबन करताना मूळ कुणालाच माहीत नव्हतं. कासव तेवढं दिसत होतं, 'डेअरडेव्हिल' दिसत नव्हता.

विस्ताराची बाजू मात्र आपल्या लेखात अगदीच दुबळी आहे. सुपरहिरोची गोष्ट वाढवायची तर ती काळीच करावी लागते, असा समज त्यातून होतो. कर्ट ब्युसिक, ब्रेंट अँडरसन आणि मुखपृष्ठांचा अ‍ॅलेक्स रॉस यांचं १९९५ पासूनचं 'अ‍ॅस्ट्रो सिटी' याला सरळ छेद देतं. पहिल्याच अंकात जगातला सगळ्यात बलवान वीर दिवसभर एका संकटाकडून दुसऱ्याकडे धावतो आणि आज आपण हवेत एकूण किती सेकंद होतो याची बेरीज करतो. उत्तर ५६ सेकंद. उडण्याचा आनंद असा त्याला फक्त स्वप्नात. इथे हसू आहे, करुणा आहे आणि वीराची बेअब्रू कुठेही नाही.

त्याच मालिकेतली १९९६ ची 'द निअरनेस ऑफ यू' ही छोटी गोष्ट तर कुणीही एका बैठकीत वाचावी. पार्श्वभूमी अशी की १९८५-८६ मध्ये डीसीने १२ अंकांच्या एका महागोष्टीत आपली अनेक विश्वं मोडून एकच केलं. अनेक पात्रांचा इतिहास पुसला गेला. वाचकांनी यादी केली ती वीरांची. ब्युसिकने विचारलं, त्या उलथापालथीत साध्या माणसांपैकी कोण गेलं? त्याच्या गोष्टीतल्या मायकेलला रोज रात्री एक अनोळखी बाई स्वप्नात दिसते. तिचा वास, तिचं हसू त्याला ठाऊक आहे, पण ती त्याला कधी भेटलेलीच नाही. ती त्याची बायको होती. काळ पुन्हा जुळवताना तिच्या आजी-आजोबांची भेट हुकली आणि ती जन्मलीच नाही. एक वीर येऊन त्याला पर्याय देतो: विसरायचं की आठवण ठेवायची. तो ठेवतो. मग विचारतो, बाकीचे काय निवडतात? विसरायला कुणीच तयार होत नाही, असं उत्तर येतं. सारा कारभार मोजक्या पानांत.

जपानकडे ओझरतं पाहू. 'वन-पंच मॅन' २००९ मध्ये 'वन' या टोपणनावाच्या लेखकाने स्वतः वेडीवाकडी चित्रं काढून सुरू केलं आणि २०१२ पासून युसुके मुराताने ते अप्रतिम रेखाटलं. बदललेला नियम: नायक कधीच हरू शकत नाही, एका गुद्द्यात काम तमाम. मग ताण कुठून आणायचा? कचेरीतून! वीरांची संघटना आहे, एस-ए-बी-सी अशा श्रेणी आहेत, आणि हा पठ्ठ्या सी श्रेणीत ३८८ व्या, म्हणजे तळाच्या क्रमांकावर रुजू होतो. सी श्रेणीवाल्याने आठवड्याला एक तरी सत्कार्य दाखवलं नाही तर नाव कटतं. त्याच्या शक्तीचं गुपित? रोज १०० जोर, १०० पोटाचे व्यायाम, १०० बैठका आणि १० किलोमीटर धावणं, तीन वर्षं. केस मात्र गेले. इथेही 'सुपरड्यूपरमॅन'चाच नियम लागू आहे: मुराताची राक्षसांची चित्रं इतकी भव्य असतात म्हणूनच गुद्द्यानंतरचा नायकाचा अंड्यासारखा कोरा चेहरा हसवतो.

'पर्दाफाश' हा शब्द खराखुरा शोभतो तो गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसनच्या 'द बॉइज'ला. २००६ मध्ये सुरू झालेली ही मालिका सहा अंकांनंतर पहिल्या प्रकाशकाने सोडली, दुसऱ्याकडे जाऊन ७२ अंक पुरी झाली. एनिसला सुपरहिरो आवडत नाहीत आणि तो ते लपवत नाही. मला ती मालिका दमदार पण एकसुरी वाटते. ज्याला राग तेवढा आहे, त्याला बारकावे दिसत नाहीत.

हे सगळं मराठीत लिहिण्याचं कारण दिवाळी अंक. दरवर्षी एखादा अंक 'मराठी सुपरहिरो' करायला जातो आणि तेच होतं: फेटा, भगवी केप, लुगडं नेसलेली आजी आणि वडापावची शक्ती. हा कपड्यांचा विनोद झाला. नियम कुठलाच बदललेला नसतो. शिवाय पात्रांपैकी एक शुद्ध बोलतो आणि बाकीचे वऱ्हाडी किंवा मालवणी बोलतात म्हणून हसायचं, ही जुनी खोड. बोलीला हसवू नका, वीराच्या पुस्तकी मराठीला हसवा.

काही व्यावहारिक गोष्टी. मूळ वाचकाला माहीत हवं. इंद्रजाल कॉमिक्समुळे (१९६४ ते १९९०) वेताळ, म्हणजे मूळचा 'फँटम', मराठी घरांत पोचला होता. बापाकडून मुलाकडे जाणारा मुखवटा आणि जंगलाचा तो अमर असल्याचा समज, हा नियम आजच्या पन्नाशीतल्या वाचकाला सांगावा लागत नाही. विशीतल्याला सांगावा लागेल, त्याला गुप्त ओळख किंवा जादूचा शब्द पुरे. मात्र कुणाचंही नाव, पोशाख, छातीवरचं चिन्ह जसंच्या तसं घेऊ नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा देतं, पण त्यात विडंबन हा शब्द नाही. जाता जाता: 'सुपर हीरो' या शब्दावर अमेरिकेत मार्व्हल आणि डीसीचा मिळून ट्रेडमार्क होता, तो सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. शब्द मोकळा आहे, पोशाख नाहीत.

अक्षरलेखनात मराठी कॉमिक हमखास मार खातं. इंग्रजी फुग्यात सगळी अक्षरं मोठ्या लिपीची, वरखाली काही लोंबत नाही, म्हणून ओळी चिकटून बसतात. त्याच फुग्यात मराठी कोंबली की वरच्या ओळीतला 'कू'चा ऊकार खालच्या ओळीतल्या 'र्की'च्या वेलांटीत आणि रफारात अडकतो. ओळींमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट तरी ठेवा. हाताने लिहीत असाल तर प्रत्येक ओळीला चार रेघा आखा: मात्रेची, शिरोरेघेची, तळाची आणि उकाराची. छापील आकार १० पॉइंटच्या खाली नको. फुग्यात २० शब्दांवर जाऊ नका आणि पानावर १२० वर. तिरपी देवनागरी जोर दाखवत नाही, मुद्रणदोष वाटते. जोर हवा तर अक्षर जाड करा किंवा 'थांबाऽऽ' असा अवग्रह वापरा, तो आपला हक्काचा आहे. आणि 'बूम', 'पॉव' कशाला? 'खळ्ळकन', 'धप्प', 'फुस्स' आहेत. अक्षरं चित्रासारखी काढा, शिरोरेघ वाकवा, मोडा.

आठ पानं म्हणजे अर्धा फर्मा, छापायला सोयीची. गोष्ट उजव्या पानावर सुरू करा. म्हणजे सम क्रमांकाची पानं डावीकडे येतील आणि धक्का पान उलटल्यावर बसेल. नमुना म्हणून एक आराखडा देतो, कुणीही खुशाल वापरावा. नायकाचा जादूचा शब्द आहे 'थांबा'. शब्द कानावर पडला की रूपांतर, पुन्हा पडला की परत साधा माणूस. बदललेला नियम एवढाच की तो कुणीही उच्चारला तरी चालतो. पान १: रूपांतर गंभीरपणे, भरदार स्नायूंसह, विनोदाचा लवलेश नको. पान २-३: परत साधा कारकून झालेला तो एसटीत बसतो, तिकीट काढतो, तिसऱ्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कंडक्टर पुकारतो, "पुढचा थांबा..." पान ४ वर पूर्ण रुंदीची चौकट: केप घातलेला महाकाय माणूस मधल्या वाटेत अडकलेला. पान ५ वर कंडक्टरचा प्रश्न, की इथे बसलेले साहेब कुठे उतरले आणि आपण कुठे चढलात. पान ६: घाटात ब्रेक निकामी, सगळी बस ओरडते, "थांबा! थांबा!" पान ७ नऊ सारख्या चौकटींचं, दर चौकटीत कारकून, वीर, कारकून, वीर. कंडक्टरच्या 'थांबा'पासून आरोळ्या मोजून लिहा, सम झाल्या पाहिजेत, नाहीतर गोष्ट कोसळते. नवव्या चौकटीत म्हणून साधा कारकूनच, आणि पुढे वळण. पान ८ वर कमी ऐकू येणाऱ्या आजी विचारतात, "कुठला थांबा म्हणालात?" आरोळी विषम. बस वाचते. इथे त्याला उडता येत नाही किंवा सर्दी झाली आहे असा दुसरा विनोद घुसडण्याचा मोह होईल. टाळा, नाहीतर आजींच्या प्रश्नाची किंमत जाते. शेवटच्या चौकटीत फुगा नको: कंडक्टर मान खाली घालून केपचं सामान-तिकीट फाडतो आहे, एवढंच चित्र.

आपला,
एक कॉमिक्सवाचक, पुणे